कूलरमधली बाळंतीण

ऐन मे महिन्यात, लाखनीत, डोक्यावर पत्रे असलेल्या खोलीत, खिडकीला चालू स्थितीतला कूलर असूनही त्याला हात न लावता राहिलेली मी बहुधा एकटीच भाडेकरू असेन. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा होती. तेव्हा मी घरमालकांना, म्हणजे काकाजींना, मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं थोडंफार त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं. ते ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे मान तिरकी करून बघत म्हणायचे, "मॅडम, तुम्ही रागावल्या का डावी भिवई वर जाते. पासपोर्टमंदी चालणार नाई."

काकाजींचा लाखनीत हायवेला लागून फोटो स्टुडिओ होता. चाळीसेक वर्षं त्यांनी तालुक्यातल्या माणसांचे फोटो काढले. लग्नाचे, बारशाचे, दहावीच्या फॉर्मचे, रेशनकार्डाचे, आणि गेलेल्या माणसाच्या फोटोवरून हार घालण्याजोगा मोठा फोटो करून देण्याचे. मग मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला. पुढची अर्धी जागा रिचार्जवाल्याला दिली आणि मागच्या अर्ध्या भागात काकाजी, एक जुना कॉम्प्युटर आणि पार्श्वभूमीचे तीन पडदे राहू लागले. एका पडद्यावर ताजमहाल, एकावर बर्फाचे डोंगर आणि एकावर धबधबा.

माणसाला ते त्याच्या फोटोवरून ओळखत. रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणं ही एक करमणूक होती. कोणी "रामराम काकाजी" म्हटलं की ते थांबायचे, कान टवकारायचे आणि म्हणायचे, "कोण? बारावी, निळा शर्ट, वरचं बटण तुटलेलं?" समोरचा पन्नाशीचा माणूस लाजून हो म्हणायचा. एकदा भाजीवालीने त्यांना वांगी देता देता विचारलं, "मले ओळखलं का?" तर हे म्हणाले, "तू तं दोनदा आली होतीस. पयल्या पोराले दाखवाले फोटो काढला तेव्हा हसली नाई. दुसऱ्याच्या वेळी हसली." भाजीवालीने त्यांना चार वांगी जास्त दिली.

मी मूळची चिखल्याची. बाबा मॅंगनीजच्या खाणीत होते, त्यामुळे माझं बालपण कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. लाखनीच्या दवाखान्यात मला लॅब टेक्निशियनची नोकरी लागली, आणि कोणीतरी या घराचा पत्ता दिला. खोली बघायला गेले तर काकाजींनी भाड्याआधी मला दारात उभं केलं, एक पाऊल डावीकडे सरकवलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे नुसतं बघत राहिले. मी घाबरले. आतून काकू ओरडल्या, "घाबरू नको बाई, थे उजेड पाहून राहिले!"

काकू म्हणजे ठेंगणी, काळीसावळी, कायम काहीतरी निवडत असलेली बाई. तांदूळ निवडायच्या, मेथी निवडायच्या, वाल सोलायच्या. बोलणं कमी. पण बोलल्या की काकाजींचं निम्मं बोलणं वाया जायचं. काकाजी म्हणायचे, "उजेड म्हणजे पावना, मॅडम. येते, बसते, निंगून जाते. त्याले 'थांब' म्हणता येत नाई." काकू सुपातून मान वर न करता म्हणायच्या, "पावन्याले चहा तं मलेच करा लागते."

तर कूलर.

आमच्याकडे एप्रिल संपत आला की घरोघरी एकच सोहळा असतो. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर वर्षभर उन्हापावसात उभा असलेला कूलर उघडायचा, बाजूच्या जुन्या टाट्यांतलं, म्हणजे जाळीच्या चौकटींतलं, गवत काढून नवं भरायचं, टाकी धुवायची. माझ्या खोलीचा कूलर मागच्या बोळात होता. एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला धानाच्या व्यापाऱ्याचं गोदाम, आणि मध्ये दोन माणसं अंग चोरून जातील एवढी जागा. एका रविवारी सकाळी काकाजी पान्हे, पक्कड आणि नव्या गवताचा गठ्ठा घेऊन बोळात शिरले. मी खोलीत आनंदाने झाडलोट करत होते. पाच मिनिटांत ते परत आले. चेहरा असा की घरात कोणी गेलं असावं.

"मॅडम, कूलर लागणार नाई."

"काहून? मोटर जळली?"

"मोटर बरी हाये. आत बाळंतीण हाये."

बाजूची एक टाटी पावसाळ्यात गळून पडली होती. त्या भोकातून दयाळ पक्ष्याची जोडी आत शिरली होती आणि त्यांनी कोपऱ्यात, पंपाच्या वरच्या पट्टीवर, आमच्याच टाटीतलं गवत ओढून घरटं केलं होतं. घरट्यात चार अंडी. हिरवट निळी, वर तपकिरी ठिपके. आणि अंड्यांवर राखाडी मादी बसलेली. काकाजींनी झाकण उघडलं तरी ती उठली नव्हती. "माह्याकडं असं पाह्यलं तिनं," ते म्हणाले, "का मीच लाजलो."

"काकाजी, बेचाळीस टेम्परेचर आहे."

"तिले बी बेचाळीसच हाये ना. थे काही बोलून राहिली काय?"

मी बाबांना फोन लावला. वाटलं, लेकीची बाजू घेतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडे किती हायेत?" मी म्हटलं, चार. "मंग तू बाहेर झोप," म्हणाले, "पण अंड्यावरून उठवू नको बाप्पा कोणाले." आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी काकाजींनी कूलरची वायर कापून टाकली. नुसता प्लग काढला असता तरी चाललं असतं. पण त्यांचं म्हणणं, माणूस विसरतो. एखाद्या दिवशी मी घामाघूम होऊन दवाखान्यातून येईन आणि सवयीने बटण दाबेन. "पंखा फिरला तं पाच खून," ते म्हणाले. "चार अंडे, एक माय." वायर कापायच्या आधी त्यांनी पंख्याचं पातं बोटाने हळूच फिरवून अशा ठिकाणी आणून ठेवलं की खिडकीतून पाहिलं तर दोन पात्यांच्या मधून घरटं बरोबर दिसावं. तेव्हा मला कळायला हवं होतं की हे प्रकरण दयेवर थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर माझ्या खोलीत धबधबा होता. खिडकीसमोर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, स्टुडिओतला पडदा टांगलेला. धबधब्याच्या बरोबर मध्यभागी, पाणी खडकावर आपटतं तिथे, वाटीएवढं भोक. भोकामागे काकाजी, स्टुलावर. त्यांच्यापुढे लग्नांच्या दिवसातला जुना डिजिटल कॅमेरा, आणि कॅमेऱ्याखाली तांदळाची अर्धी थैली, कारण त्यांच्या तीन पायांच्या स्टँडचा एक पाय कुठल्याशा वरातीत मोडला होता.

"काचीत आपलंच तोंड दिसते," त्यांनी मला समजावलं. "मांगं काळं पायजे. पडद्याची मांगची बाजू काळी हाये."

"आणि मी कपडे कुठे बदलू?"

"काकूच्या खोलीत. झोपाचं बी तिकडंच, हॉलमंदी, आमच्या कूलरपुढं. तुमची सोय पयले केली मी."

खिडकीची काच धुरकट होती, नक्षीची. तिच्यातून मादी म्हणजे एक राखाडी डाग दिसायचा. साधी काच पाहिजे होती, आणि मापाची काच दुकानात नव्हती. काकाजींना घरात एकच काच मापाची सापडली. संध्याकाळी काकू दिवा लावायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आपल्या लग्नाचा फोटो उघडा काहून हाये?"

"हवा लागू दे त्याले," काकाजी म्हणाले. "लय दिवस झाले काचीमांगं."

काच बसवताना त्यांनी जे केलं ते मी तरी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. मादी सकाळी नि संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं चरायला बाहेर जायची. तेवढ्यात जेवढं होईल तेवढं करायचं. एका वेळी एक खिळा. ती आली की हातातली हातोडी जिथल्या तिथे, श्वाससुद्धा हळू. एक काच बसायला दोन दिवस लागले.

मग खरी गंमत सुरू झाली, म्हणजे त्यांची गंमत. दिवसभर बोळात सावली असायची आणि कूलरच्या पेटीत तर रात्रच. फ्लॅश मारायचा नाही, ही त्यांची शपथ. मी एकदा मोबाइलची बॅटरी लावून बघू का विचारलं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवल्यासारखे ते म्हणाले, "तुम्ही बाळंतपणाच्या खोलीत गाडीचा हेडलाइट लावान काय?" रोज अकराच्या सुमाराला ऊन गोदामाच्या भिंतीच्या वरच्या भागावर यायचं, तिथून आपटून थोडा उजेड त्या गळून पडलेल्या टाटीच्या भोकातून आत शिरायचा आणि पाऊण तासाने जायचा. ते पाऊण तास म्हणजे काकाजींचं ऑफिस. साडेदहाला आंघोळ करून, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून ते भोकामागे बसायचे. कॅमेऱ्याचा खटका वाजू नये म्हणून त्याला टॉवेल गुंडाळलेला, लेन्स आणि काच यांच्यामधल्या फटीभोवती काकूंच्या काळ्या शालीची घडी. लेन्स काचेला अगदी चिकटवली की मधली कूलरची जाळी विरघळल्यासारखी नाहीशी होते, हे त्यांनी मला दाखवलं. मला ते आवडलं, कारण सूक्ष्मदर्शकात आम्हीही दिवसभर हेच करतो. मधलं नाहीसं करायचं आणि पलीकडचं बघायचं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मीही त्या खोलीत बसायची, आणि मी बसले की काकूही सूप घेऊन यायच्या. पडद्याआड घाम पुसत आम्ही तिघं, कोणी बोलायचं नाही, फक्त सुपात तांदूळ सरकल्याचा आवाज. तोही काकाजींना चालायचा नाही. "पाखराले समजते," ते कुजबुजायचे. काकू कुजबुजायच्या, "पाखराले समजते का हे खाणं हाये."

फोटो मात्र येईनात. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं तर मादी मान हलवायची आणि तिला दोन डोकी यायची. कमी वेळ ठेवावं तर फोटोभर दाणे उमटायचे. "तांदूळ सांडले," ते म्हणायचे. रोज संध्याकाळी मी विचारायची, "काकाजी, काय आलं?" ते सांगायचे, "आज आंबेमोहोर." दुसऱ्या दिवशी, "आज कणी."

तेव्हा त्यांनी गोदामाच्या भिंतीकडे मोर्चा वळवला.

ती भिंत गडद निळी होती. व्यापाऱ्याने, ज्याला सगळे सेठ म्हणत, तिच्यावर स्वतःच्या दुकानाची जाहिरात रंगवून घेतली होती. त्या बोळात ती कोण वाचणार, हा प्रश्न रंगाऱ्याला पडला नसावा. काकाजींचं म्हणणं, निळी भिंत उजेड पिते. पांढरी असती तर उजेड दुप्पट. सेठ नात्यातल्या लग्नाला तुमसरला गेला होता. काकाजींनी चुना भिजवला, कुंचा लांब बांबूला बांधला आणि गच्चीवरून, बोळाच्या अलीकडून, पलीकडची भिंत रंगवायला घेतली. भोकापाशी काकूंची नेमणूक. मादी अंगाखाली पिल्लं घेऊन निवांत असली की त्या खोलीच्या दारातून मला मान हलवून खूण करायच्या, मी अंगणातून गच्चीकडे हात वर करायची, आणि काकाजी कुंच्याचे सात-आठ फटके मारून थांबायचे. अंडी फुटून तेव्हा दोनेक दिवस झाले होते. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी, भिंत पाऊणभर पांढरी झालेली असताना, सेठ परत आला.

तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला, वर पाहिलं आणि ओरडला, "हे काय चालू हाये? माह्या भिंतीले चुना लावून राहिले?"

"हो सेठ," गच्चीवरून काकाजी अगदी खरेपणाने म्हणाले. "चुनाच लावून राहिलो."

सेठ घरात शिरला तो भांडायच्या तयारीने. जाहिरात होती, रंगाऱ्याला मजुरी दिली होती, न विचारता कोणाच्या भिंतीला हात लावणारे तुम्ही कोण. काकाजी खाली आले, हातापायावर चुना, आणि त्यांनी सेठच्या तोंडावर बोट ठेवलं. खरोखर ठेवलं, चुन्याचं बोट. मग त्याला दंडाला धरून धबधब्यापाशी नेलं आणि भोकाला डोळा लावायला लावला.

सेठ धिप्पाड माणूस. तो वाकला. आम्ही मागे उभे. एवढ्यात नर आला असावा, कारण आतून बारीक चिवचिव ऐकू आली. सेठ बराच वेळ हलला नाही. मग त्याच अवस्थेत, कुजबुजत, म्हणाला, "तीन हायेत."

"चार," काकाजी म्हणाले.

"तीन तोंडं हायेत, काकाजी."

"चौथा खालचा हाये. दाबला जाते. थांब, वर येईन."

सेठ थांबला. आला असावा चौथा, कारण सेठ सरळ झाला तेव्हा त्याच्या ओठांवर चुन्याचा ठसा आणि चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. "माह्या गोदामात मांजर हाये," तो म्हणाला, जणू गुन्हा कबूल करत होता. "उंदरासाठी ठेवली." त्या संध्याकाळी त्याने मांजर टोपलीत घालून आपल्या शेतावरच्या घरी पोचवली, आणि उरलेल्या पाव भिंतीला चुना आपल्या माणसाकडून लावून दिला. आमच्या पद्धतीने, खुणेवर, थांबून थांबून.

उजेड खरंच वाढला. फोटो मात्र सुधारले नाहीत.

एका संध्याकाळी मी स्टुडिओच्या मागच्या भागात त्यांच्या कॉम्प्युटरवर ते फोटो पहिल्यांदा नीट पाहिले. शेकड्यांनी होते. दाणे कमी झाले होते, दोन डोकी नव्हती. पण प्रत्येक फोटोत पिल्लं धूसर आणि त्यांच्या मागची टाटी लख्ख. गवताची काडी न् काडी मोजून घ्यावी इतकी. दहा फोटो पाहिले, वीस पाहिले. चूक दर वेळी तीच, तेवढीच. हे माझ्या धंद्यातलं होतं. स्लाइड हलली तर चूक दर वेळी वेगळी असते. चूक तीच असेल तर ती बघणाऱ्याच्या डोळ्यात असते.

"काकाजी, हे फोकसमध्ये नाहीत."

"उजेड कमी हाये ना, मॅडम."

"उजेड आहे. गवत बघा किती स्पष्ट आहे."

ते कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आले. आणखी जवळ आले. नाक काचेला लागेल एवढे. मग म्हणाले, "बरोबर हाये तं. पिल्लं दिसून राहिले." आणि त्यांनी जिथे बोट ठेवलं तिथे पिल्लं नव्हती.

मी घरी आले. काकू चुलीपुढे होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता म्हणाल्या, "समजलं ना तुले."

कॅमेरा आपोआप फोकस करायला लावला तर तो जाळीलाच पाखरू समजतो, म्हणून काकाजी हाताने करत होते. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षं झाली होती. "मले माहीत हाये," काकू म्हणाल्या. "चहा बशीत सांडते. आवाज आयकल्याबिगर माणूस ओळखत नाई. दिवे फुटल्यावानी दिसते म्हणून सांजेच्या वेळी गाडी काढत नाई, आन् मले सांगते का पेट्रोल संपलं. पण जन्मभर फोटो काढलेल्या माणसाले कोण सांगन का तुले दिसत नाई? आन् ऑपरेशनचं नाव काढलं तं म्हणते, माह्या लेन्सले कोणाले खोलू देणार नाई."

"मग आता?"

"आता काय. पिल्लायले पंख फुटून राहिले. दिवस किती उरले?"

मी हिशेब केला. पाच, फार तर सहा.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. अकरा वाजता काकाजी भोकामागे, काकू सूप घेऊन मागे. नर अळी घेऊन आला, चार तोंडं उघडली, टॉवेलमधून खटका वाजला. आणि काकू कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर नजर टाकून नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नाही, म्हणाल्या, "मांगचं गवत आलं. सरका तिकडं."

"तुले काय समजते?"

"मले?" काकूंनी सूप खाली ठेवलं. आणि मग मला या घरातली एक गोष्ट कळली, जी तालुक्यात कुणालाच माहीत नव्हती. रिळाच्या काळात निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचं काम काकूंचं होतं. स्टुडिओच्या मागे, खालून दिवा लावलेल्या काचेवर, टोकदार पेन्सिलीने देवीचे वण भरायचे, डोळ्याखालची काळी वर्तुळं पुसायची, तोंडावर पडलेली सावली उचलायची. अंगठ्याच्या नखाएवढ्या चेहऱ्यावर. वीस-बावीस वर्षं. स्टुडिओच्या पाटीवर नाव एकट्या काकाजींचं.

"तालुक्यातल्या अर्ध्या पोरींचे लग्न माह्या पेन्सिलीनं जुळले," काकू म्हणाल्या. "आन् मले फोकस समजत नाई? तुमाले दिसत नाई. दोन साल झाले दिसत नाई. आता तरी बोला."

काकाजी उठले. त्यांनी शालीची घडी काढली, ती नीट दुमडून स्टुलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. मला वाटलं काकू रडतील. त्यांनी सूप उचललं आणि तांदूळ निवडू लागल्या. पण खडे काढून परत सुपातच टाकत होत्या, हे मी पाहिलं.

त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खोलीत आलेच नाहीत. स्टुडिओच्या मागच्या भागात बसून राहिले. बोळात उजेड आला आणि गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मी दवाखान्यातून दुपारी सुट्टी काढून त्यांच्याकडे गेले. ते ताजमहालासमोर, गिऱ्हाईक बसवायच्या स्टुलावर स्वतः बसले होते.

"पिल्लं किती मोठी झाली?" त्यांनी विचारलं.

"काठावर येऊन बसतात. सेठ म्हणतो दोन-तीन दिवसांत उडतील."

"सेठ येते काय पाहाले?"

"रोज येतो. भोकाला रांग आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मले ना, पयले वाटलं का काच धुरकट झाली. मंग वाटलं लेन्सले बुरशी लागली. लेन्स भंडाऱ्याले नेऊन साफ करून आणली. तिसरं काय राहते, हे समजलं होतं मले. पण त्याचं नाव नाई घेतलं."

तिसऱ्या दिवशी साडेदहाला ते आले. आंघोळ केलेली, केस विंचरलेले, धुतलेला शर्ट. काकू भोकापाशी नव्हत्या, कोपऱ्यात होत्या. काकाजींनी स्टूल पुढे सरकवलं आणि त्यावर न बसता बाजूला भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

"ये," ते काकूंना म्हणाले. "ते गोल फिरव. मी बटण दाबतो."

काकू स्टुलावर बसल्या, पदर खोचला, डोळा लावला आणि दोन बोटांनी रिंग फिरवली. एकदा पुढे, एकदा मागे, मग थांबल्या. "बटण बी मीच दाबीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाबाल तं हालन."

मोठा बाका क्षण होता.

"मंग मी काय करू?" काकाजींनी विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होते.

"तुमाले आयकू येते ना? पाखरू कधी येते ते सांगा. मले पेटीबाहेरचं दिसत नाई."

काकाजींनी डोळे मिटले. बोळात नर शीळ घालायचा, हे आम्हाला माहीत होतं. पण येण्याआधी तो एक वेगळा, आखूड, रागावल्यासारखा आवाज काढतो आणि मग दोन दम थांबून आत शिरतो, हे महिनाभर त्या भोकामागे बसलेल्या, धड न दिसणाऱ्या माणसालाच ठाऊक होतं. "नाई... नाई..." ते पुटपुटत होते. "सेठच्या पत्र्यावर हाये. आता तारेवर आला. थांब. थांब." मग हात वर केला. "आता!"

खटका वाजला.

असे त्यांनी त्या पाऊण तासात अकरा फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तेव्हा बोळात एकच गोंधळ उडाला. एक पिल्लू कूलरच्या टपावर, एक घोडीवर, एक सेठच्या पांढऱ्या भिंतीतल्या खोबणीला चिकटून, आणि चौथं, ते खाली दाबलं जाणारं, अजून आतच. त्याला बाहेर यायला दुपार झाली. तोवर सेठ बोळाच्या एका तोंडाशी आणि काकाजी दुसऱ्या तोंडाशी पहारा देत उभे होते. कुत्र्यालाही जाऊ देत नव्हते.

त्या अठरातला एक फोटो आज माझ्या घरी भिंतीवर आहे. नर पेटीच्या काठावर टेकतो आहे, पंख अजून पुरते मिटलेले नाहीत, चोचीत हिरवी अळी. खाली चार पिवळ्याजर्द चोची, चौथीसुद्धा. उजेड डावीकडून, पांढऱ्या भिंतीवरून आलेला, दुधासारखा. दाणे आहेत. पण नराच्या डोळ्यात ठिपक्याएवढं त्या बोळावरचं आकाश दिसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो पाहिला, सेठच्या दुकानात गिऱ्हाइकांनी पाहिला, रिचार्जवाल्याने आपल्या मोबाइलवर लावला. जो तो येऊन काकाजींना सांगायचा, काय फोटो आहे! काकाजी प्रत्येकाला सांगायचे, "माहा नाई, तिचा हाये." आणि प्रिंट हातात घेऊन, डोळ्यांपाशी नेऊन, उजेडाकडे धरून बघत राहायचे.

आठवडाभराने ते माझ्याकडे आले. कूलरला नवी वायर जोडत होते. मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, ते तुमच्या ओळखीचा डोळ्याचा डॉक्टर भंडाऱ्याले हाये ना? विचारा त्याले."

"काकाजी! लेन्स खोलू देणार?"

"सगळे म्हणते चांगला हाये, चांगला हाये. माह्या बायकोचा फोटो हाये, आन् चांगला हाये का नाई, हे मले लोकांवर विश्वास ठेवून समजाचं काय? मले पाहाचा हाये."

ऑपरेशननंतर त्यांनी कॉम्प्युटरपुढे बसून काय केलं ते मला काकूंनी सांगितलं. आपले सगळे फोटो एकेक करून पाहिले आणि एकेक करून पुसले. दोन दिवस लागले. मध्ये मध्ये हसत होते म्हणे, "अरे बापरे, हा काय, हा तं नुसताच गवताचा!" काकूंचे अठराच्या अठरा ठेवले. पण त्यातल्या तीनमध्ये उजेड थोडा जास्त झाला आहे, हे सांगायला विसरले नाहीत.

मला जास्त आठवतो तो भंडाऱ्याहून परतीचा प्रवास. पट्टी काढून झाली होती, काळा चष्मा दिला होता आणि तो त्यांनी डोक्यावर चढवून ठेवला होता, कितीही सांगितलं तरी. कारध्याच्या पुलावर एसटी हळू झाली. खाली वैनगंगा, उन्हाने पांढरी झालेली. मला वाटलं हे आता नदी बघतील. त्यांनी नदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पूल संपल्याबरोबर ते रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचू लागले. मोठ्याने, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखे. "चहा. नाश्ता. पंक्चर. येथे बी-बियाणे मिळेल. वधू-वर सूचक." पुढे जाणाऱ्या ट्रकच्या मागचं वाचलं. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या पिशवीवरचं वाचलं. बसमधली माणसं वळून बघू लागली, दोन पोरी तोंडाला हात लावून हसल्या, आणि कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता थांबला.

काकू संकोचून त्यांचा हात दाबत म्हणाल्या, "गप राहा ना. लोक पाहून राहिले."

"पाहू दे," काकाजी म्हणाले. "मी बी पाहूनच राहिलो."

आणि लाखनी येईपर्यंत त्यांनी एकही पाटी सोडली नाही.